हिरोनं मोडलेला शब्द कोणाला दिला होता?

प्रश्न थोडक्यात असा. बेळगाव आणि खानापूरकडची काही तरुण मंडळी मराठीत सुपरहिरो मालिका लिहीत आहेत. आठ भाग, प्रत्येक भाग तीस मिनिटांचा. शिवा उद्यमबागेतल्या एका कारखान्यात लेथवर काम करतो आणि त्याच्या अंगात दहा माणसांचं बळ आहे. त्याची मैत्रीण रेणू हात धरला की समोरच्याच्या मनातलं ऐकू शकते. एका खासगी सावकारानं कर्जदाराचा मुलगा पळवला आहे. पाचव्या भागात शिवा सावकाराच्या परशा नावाच्या माणसाला गोकाकच्या झुलत्या पुलावर नेतो, पाय धरून खाली सोडतो, पुन्हा झेलतो आणि मुलाचा पत्ता काढून घेतो. मग त्याला वडगावातल्या बंद पडलेल्या मागाच्या शेडमध्ये चार दिवस डांबून ठेवतो. आठव्या भागात सावकार घटप्रभेच्या पुरात वाहून जातो आणि शिवा काठावर उभा राहून बघतो. गटातले काही म्हणतात, यामुळे हिरो खरा वाटेल. बाकीचे म्हणतात, प्रेक्षक त्याच्यापासून तुटेल. हिरोनं किती मर्यादा ओलांडलेली चालते?

‘किती’चं माप शोधू नका, ते कुठल्याच मालिकेत सापडत नाही. एकच कृत्य एका हिरोला मनातून उतरवतं आणि दुसऱ्याला आणखी जवळ आणतं, कारण फरक कृत्याच्या क्रूरपणात नसतोच. हिरोची मर्यादा हा कोणाला तरी दिलेला शब्द असेल, तर तो मोडल्यावर कथेत काहीतरी हलतं. ती नुसती त्याची स्वतःची तत्त्वं असतील, तर मोडल्यावर चेहरा गंभीर होतो, पार्श्वसंगीत वाढतं आणि पुढच्या प्रसंगात सगळं पूर्ववत होतं. तुमच्या पहिल्या भागात शिवा आरशासमोर उभा राहून म्हणतो, ‘मी कुणाचा जीव घेणार नाही.’ ऐकायला खोलीत कोणीही नाही. आपल्याकडे शपथ आरशासमोर घेत नाहीत. बेल-भंडारा उचलतात, तोही चार माणसांदेखत, कारण उद्या शब्द फिरला तर विचारणारा कोणीतरी हवा.

गाजलेल्या मालिकांमध्येही हेच दिसतं. ‘ॲरो’ २०१२ साली सुरू झाली तेव्हा ऑलिव्हर क्वीन पहिल्याच भागात, आपलं गुपित फुटू नये म्हणून, एकाची मान मोडतो. पहिला सीझनभर तो माणसं मारतो आणि प्रेक्षक सोबत राहतात, कारण न मारण्याचा शब्द त्यानं कोणालाच दिलेला नसतो. त्याचा जिवलग मित्र टॉमी त्याला खुनी समजतो आणि सीझनच्या शेवटी मरतो. तिथून पुढं न मारण्याची मर्यादा जन्माला येते आणि तिला टॉमीचा चेहरा असतो. ‘जेसिका जोन्स’चा पहिला सीझन २०१५ चा, तेरा भागांचा. माणसांची मनं ताब्यात घेणाऱ्या किलग्रेव्हला जेसिका बरेच दिवस मारत नाही, कारण होप नावाच्या मुलीचं निर्दोषत्व सिद्ध करायला तो जिवंत हवा असतो. जेसिका या बंधनातून मोकळी व्हावी म्हणून होप स्वतःचा जीव देते. शेवटच्या भागात जेसिका त्याची मान मोडते, तेव्हा धक्का कमी बसतो आणि जड जास्त वाटतं. जिला शब्द दिला होता, तिनंच तो परत केलेला असतो.

म्हणून पहिलं काम हे करा. एका कागदावर शिवाची प्रत्येक मर्यादा लिहा आणि तिच्यापुढं तीन गोष्टी नोंदवा: कोणाला दिली, कोणत्या शब्दांत दिली, मोडली तर सगळ्यात आधी कोणाला कळेल. तिसऱ्या रकान्यात ‘प्रेक्षकांना’ एवढंच लिहावं लागत असेल, तर ती मर्यादा खोडून टाका. ती कथेत काम करणार नाही.

तुमच्या आराखड्यात यासाठी योग्य माणूस आहे, तुम्ही त्याला फक्त दोन प्रसंग दिलेत. ईरप्पा हवालदार. शिवाला पहिल्यांदा ओळखणारा तोच. पहिल्या भागात, दहाव्या-बाराव्या पानाच्या आत, त्याच्याकडून शिवाला एक अट घालून घ्या. ‘कुणाला मारू नकोस’ ही अट फार मोठी आहे आणि पाळायला फार सोपी. अट लहान, मोजता येण्यासारखी आणि त्याच्या कामाशी बांधलेली हवी: ‘माझ्या ठाण्यात ज्याला आणशील, तो आपल्या पायांनी चालत आला पाहिजे.’ हवालदाराला आयुष्यभर मोडक्या माणसांचे पंचनामे लिहावे लागलेत, त्यामुळं ही अट त्याच्या तोंडी शोभते. प्रेक्षकाला ती एकदा ऐकून लक्षात राहते. मोडली की कोणी सांगावं लागत नाही, पडद्यावर दिसते.

मोडण्याआधी ती पाळलेली दिसली पाहिजे, निदान दोनदा. पहिल्या वेळी पाळणं सोपं ठेवा. दुसऱ्या वेळी पाळल्यामुळं नुकसान होऊ द्या. नवे लेखक बहुतेक ही दुसरी पायरी गाळतात आणि मग पाचव्या भागातला मोठा प्रसंग अधांतरी राहतो. ‘डेअरडेव्हिल’च्या दुसऱ्या सीझनच्या तिसऱ्या भागात गुन्हेगारांना ठार मारत सुटलेला फ्रँक कॅसल हिरोला गच्चीवर साखळीनं बांधतो, हाताला पिस्तूल चिकटवतो आणि सांगतो, एक तर मला गोळी घाल, नाहीतर मी ग्रोटो या गुंडाला मारतो. डेअरडेव्हिल गोळी साखळीवर झाडतो. ग्रोटो तरीही मरतो. शब्द राहिला, माणूस गेला. इथून पुढं त्याच्या मर्यादेची किंमत प्रेक्षकाला ठाऊक असते. तुमच्या तिसऱ्या भागात शिवा वसुलीवाल्याला न तुडवता ठाण्यात नेतो, तो दुसऱ्या दिवशी जामिनावर सुटतो आणि त्याच कर्जदाराच्या दारात येऊन उभा राहतो, एवढं पुरे. त्या कर्जदाराच्या बायकोनं शिवाकडे नुसतं बघावं. संवाद नको.

आता पुलाचा प्रसंग. यात तीन चुका आहेत, त्यातली एक शरीराची, एक माहितीची आणि एक रेणूची.

शरीराची आधी. तुम्ही लिहिलंय की शिवा परशाला ‘फक्त घाबरवतो’. हिशेब करून बघा. हातातून सुटलेला माणूस पहिल्या सेकंदात सुमारे ५ मीटर खाली जातो आणि त्याचा वेग ताशी ३५ किलोमीटर होतो. तीन सेकंदांत ४४ मीटर आणि ताशी १०० च्या वर. गोकाकचा धबधबा साधारण ५२ मीटरचा, म्हणजे तीन सेकंद हाच जवळजवळ पूर्ण पल्ला. एकाच सेकंदानंतर शिवानं घोटा पकडून अर्ध्या मीटरच्या आत थांबवलं असं धरा. सत्तर किलोच्या माणसाच्या त्या एका पायावर साडेसातशे किलोंच्या आसपास ओढा बसतो. घोटा, गुडघा, खुबा, यातलं काहीतरी जाणारच. तीन सेकंदांनंतर तसंच झेललं तर माणूस वाचणार नाही, मग झेलणाऱ्याचा हात कितीही बळकट असो. म्हणजे ‘फक्त घाबरवणं’ असं काही या प्रसंगात उरत नाही. हे तुमच्या पथ्यावर पडतं, कारण ईरप्पाची अट इथंच मोडते. परशा चालत येणार नाही.

असाच खोटेपणा ठोशांमध्ये असतो, त्याची वेगळी आठवण ठेवा. न मारणारे हिरो गल्लीत पाच-सहा जणांना डोक्यात ठोसा घालून बेशुद्ध करतात आणि निघून जातात. डोक्यावरच्या माराने शुद्ध हरपणं म्हणजे मेंदूला इजा. अर्ध्या तासाहून जास्त वेळ शुद्ध आली नाही, तर डॉक्टर ती किरकोळ धरत नाहीत. दुसऱ्या भागात रामदेव गल्लीत तुम्ही सहा जणांना पावसात तसं टाकून दिलंय. एक तर त्यांना शुद्धीवर ठेवून पळवा, नाहीतर त्यातला एक जण सिव्हिल हॉस्पिटलच्या खाटेवर पुढच्या भागात दाखवा.

दुसरी चूक माहितीची. परशा लगेच खरा पत्ता सांगतो. मारहाण झालेला माणूस दुखणं ज्यानं थांबेल ते बोलतो, ते खरं असेलच असं नाही. अमेरिकेच्या सिनेटच्या समितीनं २०१४ साली सीआयएच्या छळाच्या पद्धतींवर जो अहवाल दिला, त्याचा निष्कर्षही हाच होता की त्यातून परिणामकारक माहिती मिळाली नाही. छळ करून प्रत्येक वेळी खरं बाहेर येतं, असं दाखवणारी मालिका हिरोपेक्षा स्वतःच मोठी मर्यादा ओलांडते, कारण ती बघणाऱ्याला खोटं शिकवते. यातून सुटायचे दोन रस्ते आहेत. एक, माहिती अशी ठेवा की जी जागच्या जागी तपासता येते. फोनचा पासवर्ड चुकीचा निघाला तर दोन सेकंदांत कळतं, म्हणून तिथं खोटं बोलण्यात अर्थ नसतो. मुलाचा पत्ता तसा तपासता येत नाही. दोन, परशाला खोटं बोलू द्या. तो निपाणीतल्या तंबाखूच्या वखारीचं नाव घेतो. शिवा गोकाकहून निपाणीला मोटारसायकलवर जातो, तासाभराहून जास्त वेळ जातो, वखारीत नुसती पोती असतात. मुलगा खानापूरच्या बाजूला असतो. दुसरा रस्ता तुमच्या कथेला जास्त शोभतो. शब्द मोडला आणि हातातही काही आलं नाही, असं झालं तर पुढच्या तीन भागांना इंधन मिळतं.

‘डेअरडेव्हिल’च्याच पहिल्या सीझनच्या दुसऱ्या भागात गच्चीवर एका रशियन गुंडाकडून पळवलेल्या मुलाचा पत्ता काढला जातो, म्हणजे प्रसंग तुमच्यासारखाच. तिथं माहिती खरी निघते. पण कुठं टोचलं की जास्त दुखेल हे क्लेअर नावाची नर्स सांगते आणि नंतर त्या गुंडाला गच्चीवरून खाली टाकलं जातं, तो कोमात जातो. जखमा बांधणाऱ्या बाईनं जखम करायला मदत केली, हा काटा पुढच्या भागांत त्या दोघांमध्ये राहतो. तुमच्या पुलावर शिवा आणि परशा दोघंच आहेत. तिथं तिसरं माणूस उभं करा.

ते माणूस रेणूच असायला हवं आणि हीच तिसरी चूक. हात धरून मनातलं ऐकणारी मुलगी सोबत असताना पुलाची गरज काय, हे पहिला प्रेक्षक विचारेल. यावर ‘तिची शक्ती त्या दिवशी चालत नव्हती’ हे उत्तर देऊ नका. तिला नकार देऊ द्या. तिनंही कोणाला तरी शब्द दिलेला असू शकतो की विचारल्याशिवाय कोणाच्या मनात शिरणार नाही. या नकाराला आपल्या देशात भक्कम पाया आहे. ‘सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २०१० साली सांगितलं की नार्को चाचणी, पॉलिग्राफ आणि ब्रेन मॅपिंग माणसाच्या संमतीविना करता येणार नाही. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती राज्यघटनेचं कलम २०(३) करू देत नाही, हा त्यातला मुख्य आधार. रेणू कायदा बोलणार नाही, बोलू नये. ती एवढंच म्हणेल, ‘त्यानं हात पुढं केला तर धरीन.’

मग शिवा परशाला उचलतो. आता प्रसंगात खरा पेच येतो. मनात शिरणं वाईट की पायानं टांगणं? रेणूनं हात धरला असता तर परशाचा पाय वाचला असता, मुलगा लवकर सापडला असता. रेणूचा नकार बरोबर होता का? यावर तुम्ही लेखक म्हणून उत्तर देऊ नका, पण पात्रांना एकमेकांशी भांडू द्या, आणि ते भांडण सहाव्या भागात सलग तीन-चार मिनिटं चालू द्या. तुमच्या सगळ्या आराखड्यात यापेक्षा मोलाची जागा दुसरी नाही आणि तिथं आत्ता एक ओळही नाही.

मनात शिरण्याचा विषय हाताळताना ‘वांडाव्हिजन’ नीट बघा, २०२१ ची, नऊ भागांची. शोकानं वेडीपिशी झालेली वांडा एक अख्खं गाव स्वतःच्या सुखी संसाराच्या खेळात कोंडते, लोकांची मनं तिच्या ताब्यात, ते आतून तडफडतात. आठ भाग हे फार ताकदीनं उभं केलं आहे. शेवटी गाव सुटतं, वांडा त्या लोकांच्या नजरांमधून चालत जाते आणि तिला धीर मिळतो तो असा, की या लोकांना तुझा त्याग कधी कळणार नाही. ज्यांनी सोसलं त्यांच्या वाट्याला एक नजर आणि जिनं केलं तिच्या वाट्याला सांत्वन. अनेक प्रेक्षकांना हे खटकलं, ते बरोबरच होतं. मर्यादा मोडल्यानंतरचा पहिला मोठा प्रसंग सोसणाऱ्याचा असावा, करणाऱ्याचा नसावा. म्हणजे सहावा भाग शिवाच्या पश्चात्तापानं सुरू करू नका. परशाच्या घरी सुरू करा.

आता शेडमधली कोठडी. ‘द फ्लॅश’च्या पहिल्या सीझनमध्ये प्रयोगशाळेच्या तळघरात पकडलेल्या लोकांना कोंडून ठेवतात. ना खटला, ना वकील, आणि हिरोला वाढवणारा पोलीस अधिकारी जो वेस्ट याला ते माहीत असतं. मालिका इतकी हसती-खेळती की कित्येक भाग कोणी विचारतच नाही, या माणसांना जेवण कोण देतं? तुमच्या कथेत हा प्रश्न पहिल्याच दिवशी येऊ द्या. डबा कोण नेतं? मोडक्या पायाच्या माणसाला संडासला कोण नेतं? वडगावात माग बंद पडलेल्या शेडमध्ये रात्री दिवा दिसला तर शेजारी गप्प बसतील का? या उत्तरांमधून चार प्रसंग आपोआप मिळतील. शिवाची आई त्याच गल्लीत मागावर काम करते, डबा तीच नेईल आणि कोणासाठी नेते हे तिला माहीत नसेल, असं केलंत तर आईशी बोललेलं खोटंही याच धाग्यात येतं. १९९७ मध्ये दूरदर्शनवर आलेल्या ‘शक्तिमान’मधले पंडित गंगाधर गीता विश्वासपासून आपली ओळख लपवायचे ते खोटं निरुपद्रवी होतं, त्यात कोणाला गुन्ह्याचा भागीदार केलेलं नव्हतं. डबा नेणाऱ्या आईचं तसं नाही.

इथं कायद्यातला एक आकडा कामाला येतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० प्रमाणं साध्या नागरिकालाही अटक करता येते, पण गुन्हा त्याच्या समोर घडलेला, दखलपात्र आणि अजामीनपात्र असावा लागतो, आणि धरलेला माणूस विनाकारण उशीर न करता, फार तर सहा तासांत पोलिसांच्या हवाली करावा लागतो. सहा तास! पटकथेला यापेक्षा चांगलं घड्याळ मिळणार नाही. गुन्हा समोर घडलेला असेल तर सहाव्या तासापर्यंत शिवा गुन्हेगार पकडणारा नागरिक आहे, त्यानंतर तो स्वतः डांबणारा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम १२७ मध्ये डांबून ठेवण्याची शिक्षा दिवसांप्रमाणं वाढते: साधारणपणे एक वर्षापर्यंत, तीन दिवस किंवा जास्त झाले तर तीन वर्षांपर्यंत, दहा दिवस किंवा जास्त झाले तर पाच वर्षांपर्यंत. तुमचे चार दिवस मधल्या पायरीत बसतात. कबुली किंवा माहिती काढण्यासाठी दुखापत करणं हा कलम १२० खाली वेगळा गुन्हा, सात वर्षांपर्यंत, आणि जबर दुखापत असेल तर दहा. मोडलेला पाय म्हणजे जबर दुखापत. शिवाय मारून मिळवलेली कबुली न्यायालयात उपयोगाची नसते, म्हणजे सावकारावरचा खटलाही शिवाच कमकुवत करतो. हे सगळं संवादात कोंबू नका. पण लिहिणाऱ्याला ठाऊक असलं की ईरप्पा काय विचारेल ते नेमकं सुचतं.

जीव घेण्याबद्दल फार लिहीत नाही, कारण तुमच्या शिवानं अजून कोणाला मारलेलं नाही. एवढंच लक्षात ठेवा की स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना हल्लेखोराचा जीव गेला, तर आपला कायदा काही परिस्थितींत खासगी बचावाचा हक्क देतो, न्याय संहितेतली कलम ३४ ते ४४ त्यासाठीच आहेत. अशी हत्या नाट्य म्हणून कमजोर असते, कारण तिथं निवड उरलेली नसते.

आठव्या भागातला पूर मात्र निवडीचा आहे. ‘मी मारलं नाही, फक्त वाचवलं नाही’ हे वाक्य सुपरहिरो कथांना फार प्रिय, आणि बहुतेक वेळा ती पळवाट असते. दोन प्रश्न विचारा. सावकार पाण्यात कसा आला? शिवानं ढकललं, पाठलाग करून काठावर आणलं किंवा हात बांधून ठेवले होते, तर ‘वाचवलं नाही’ हा शब्दच खोटा. तो स्वतः पळताना पडला असेल तर दुसरा प्रश्न: शिवाला पोचता आलं असतं का? दहा माणसांचं बळ असलेला माणूस पावसाळ्यातल्या घटप्रभेत उतरला तर परत येईलच असं नाही, वरून हिडकल धरणाचं पाणी सुटलेलं असेल तर नाहीच. ही अनिश्चितता प्रेक्षकाला दिसली पाहिजे, म्हणजे पाण्याचा जोर आधी एखाद्या ओंडक्यावर दाखवा. तुम्ही शिवाच्या चेहऱ्याचा मोठा क्लोजअप ठेवलाय. तो काढा. कॅमेरा हातावर ठेवा. जवळ दोर असेल तर हात दोराकडे गेला की नाही, एवढं दिसलं की पुरे.

पण माझं मत विचाराल तर सावकाराला मारूच नका. दुसरा सीझन मिळेल याची खात्री नसताना शेवटच्या भागात मर्यादा ओलांडली तर हिशेब चुकता करायला जागाच राहत नाही. ‘जेसिका जोन्स’ला तो हिशेब पुढच्या सीझनवर ठेवता आला, तुम्हाला येणार नाही. आठ भागांत मोठं ओलांडणं पाचव्यात ठेवा, जिथं ते आत्ता आहे. साधारण एक पान एक मिनिट धरलं तर परिणामांसाठी नव्वद पानं उरतात आणि ती सगळी लागतील.

आता एक गोष्ट, जी फक्त आपल्या भागातल्या लेखकांना सांगावी लागते. तुमच्या आराखड्यात वाचवलेली सगळी माणसं मराठी आहेत आणि मार खाणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या तोंडी कन्नड आहे. हे ठरवून केलेलं नसणार, शिवा जिथं राहतो तिथल्या गल्लीतून ते आपोआप आलं असेल. पण १९५६ पासून सीमाप्रश्न ज्या घरांमध्ये राहतो, तिथं अशी वाटणी कोणी निरागसपणे बघणार नाही. शिवाचा ठोसा मग गुंडावर पडत नाही, भाषेवर पडतो, आणि मर्यादा कुठली ओलांडली याची चर्चाच संपते. सावकाराच्या टोळीत दोन्ही भाषा ठेवा, कर्जदारांतही ठेवा, कारण व्याज दोन्हीकडे तेवढंच बसतं. परशा हे नाव बदलू नका. परशराम सौंदत्तीच्या यल्लम्माचा मुलगा, ते नाव दोन्ही घरांत ठेवतात, त्यामुळं तो कोणाचा हे नावावरून कळत नाही. पुलावर तो कोणत्या भाषेत ओरडतो ते मात्र ठरवा. दोन्ही ऐकू आल्या तर उत्तम: वर शिवाशी बोलताना ‘काय करूलास रे, सोड की’, आणि खाली जाताना ‘अव्वा’.

आणि शिवाची खरी परीक्षा त्या बाजूनं घ्या. चौथ्या भागात दोन घरं एकाच वेळी संकटात आहेत, एक त्याच्या गल्लीतलं, दुसरं अनोळखी कन्नड कुटुंब. दोन्हीकडे पोचणं शक्य नाही. तो आधी कुठं जातो आणि का? पुलापेक्षा हा प्रसंग शांत आहे, पण ‘हा हिरो कोणाचा’ याचं उत्तर तिथं मिळतं.

सरहद्दीचाही वापर करा. सातव्या भागात शिवा सावकाराला शिनोळीतून उचलून बेळगावात आणतो, असं लिहिलंय. शिनोळी चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. अलीकडे बाची, कर्नाटकात. दुसऱ्या राज्यात अटक करून आरोपीला इकडे आणायचं तर पोलिसांनाही सहसा तिथल्या न्यायालयाकडून ट्रान्झिट रिमांड, म्हणजे आरोपीला हलवण्याची परवानगी, घ्यावी लागते. साध्या माणसानं जबरदस्तीनं उचलून आणणं म्हणजे अपहरणच, आणि ज्यानं मूल पळवलं त्यालाच पळवून आणलं, हे साम्य ईरप्पाच्या नजरेतून सुटणार नाही. पर्यायही आहे: गुन्हा कुठंही घडलेला असो, कुठल्याही ठाण्यात तक्रार नोंदवता येते, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये तशी सोय आहे. रेणू चंदगडच्या ठाण्यात जाऊन तक्रार देते आणि शिवा हद्दीच्या अलीकडे हात बांधून थांबतो, असा सातवा भाग लिहून बघा. दहा माणसांचं बळ असलेला माणूस थांबलेला बघणं फार ताण देतं.

शेवटी पाचव्या भागाचा शेवट. तुमच्याकडे तो पुलावरच संपतो, धबधब्याच्या आवाजावर. तिथं संपवू नका, आणखी दोन पानं लिहा. शिवा परशाला थेट ठाण्यात आणतो, घड्याळात पाच तास चाळीस मिनिटं झालीत. शेड रद्द करायची की परशा जामिनावर सुटल्यावर शिवा त्याला पुन्हा उचलून तिथं नेतो, हे नंतर ठरवा. परशा शिवाच्या पाठुंगळीला आहे. बाकावर ठेवतो. ईरप्पा टेबलाशी बसून स्टेशन डायरी कन्नडमध्ये लिहितोय, वेळ, नाव, गाव. मान वर करत नाही. पुढच्या रकान्याशी पेन थांबतं आणि तो मराठीत, हळू आवाजात विचारतो, ‘हा चालत आला काय?’

शिवानं काय उत्तर द्यायचं ते तुम्ही ठरवा, पण परशा ते ऐकतोय हे विसरू नका.